बिनशिराचा घोडेस्वार

विद्यार्थी मित्रांनो, भुताची गोष्ट ऐकायला कोणाला आवडत नाही? अंगावर शहारे येतात, पांघरुणाबाहेर पाय काढण्याचे धाडस होत नाही, आणि तरीही ‘पुढे काय झाले?’ असे आपण विचारतोच. एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. या कथा बहुधा मोठ्या शहरात घडत नाहीत, लहान गावात घडतात. मोठ्या शहरात रात्रभर दिवे असतात, माणसे येतात आणि जातात, शेजारच्या घरात पूर्वी कोण राहत होते हे कोणाला ठाऊक नसते. लहान गावात तसे नसते. तेथे प्रत्येक पडक्या वाड्याची, विहिरीची, पुलाची आणि जुन्या झाडाची हकीकत सर्वांना पाठ असते. भुतालाही राहायला पत्ता लागतो, आणि तो लहान गावातच सापडतो.

मराठी भाषेचे काम तर ‘भूत’ या एका शब्दावर भागत नाही. मुंज झाल्यानंतर पण लग्नाआधी मरण पावलेल्या मुलाचे भूत म्हणजे ‘मुंजा’. तो पिंपळावर राहतो, असे लोक म्हणत. बाईचे भूत म्हणजे ‘हडळ’. रात्री वाटसरूला एकाच जागी फिरवत ठेवतो तो ‘चकवा’. आणि ‘खवीस’ हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. अरबीतला ‘खबीस’, म्हणजे वाईट, नापाक, हा शब्द मराठीत आला आणि येथे भूत होऊन बसला! यातील मुंजाचे नाव नीट पाहा. कोण मेला आणि त्याचे कोणते काम अपुरे राहिले, हे त्या नावातच सांगितलेले आहे. भुताच्या कथेचे खरे बीज या अपुरेपणात असते. हे ध्यानात ठेवा, पुढे आपल्याला ते उपयोगी पडेल.

आज आपण अशाच एका लहान गावातील भुताची कथा समजून घेणार आहोत. ती आपल्या देशातली नाही, अमेरिकेतली आहे. १८२० साली ती प्रथम छापली गेली. दोनशेहून अधिक वर्षे झाली, तरी मुले ती अजून वाचतात. तिचा नायक एक शाळामास्तर आहे, म्हणून मला ती जरा जास्तच जवळची वाटते, हे मोकळेपणाने सांगून टाकतो.

कथेचे नाव आहे ‘द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो’, म्हणजे ‘पेंगुळलेल्या खोऱ्याची दंतकथा’. लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग. त्यांचा जन्म १७८३ साली न्यूयॉर्क शहरात झाला. त्याच वर्षी अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध तहाने संपले. सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावरून आईवडिलांनी मुलाचे नाव ठेवले. १७९८ साली न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ आली. हा ताप डासांमुळे पसरतो, हे त्या काळी कोणालाच माहीत नव्हते. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून बाहेर पडले. पंधरा वर्षांच्या अर्व्हिंगलाही घरच्यांनी हडसन नदीच्या काठी टॅरी टाउन येथे एका मित्राकडे पाठवून दिले. म्हणजे तो तेव्हा तुमच्याच वयाचा होता. शहरात मरणाची छाया पसरलेली, आणि इकडे शांत खोरे, डच शेतकऱ्यांची जुनी घरे आणि शेकोटीभोवती रंगणाऱ्या कथा. त्या मुलाच्या मनात ते सारे घर करून राहिले.

पुढे अर्व्हिंग इंग्लंडला गेले. तेथे भावांचा व्यापार होता, पण १८१८ साली त्याचे दिवाळे निघाले. आता पोट कसे भरायचे? अर्व्हिंग यांनी लेखणी हातात घेतली. ‘जेफ्री क्रेयॉन’ या टोपणनावाने त्यांनी ‘स्केच बुक’ हे पुस्तक १८१९ आणि १८२० या वर्षांत भागाभागाने प्रसिद्ध केले. ही कथा त्याच पुस्तकातली. लहानपणी पाहिलेले खोरे त्यांनी समुद्रापलीकडे बसून आठवले आणि लिहिले. त्यामुळे कथेत भीती आहे तशी गावाची ओढही आहे.

आता गाव पाहू. हडसन नदी एके ठिकाणी इतकी रुंद होते की डच खलाशांनी तिला तेथे ‘झी’ म्हणजे समुद्रच म्हटले. या काठावर टॅरी टाउन हे बाजारपेठेचे गाव. इंग्रजीत ‘टॅरी’ म्हणजे रेंगाळणे. बाजाराच्या दिवशी नवरे दारूच्या गुत्त्यात रेंगाळत बसत, म्हणून आसपासच्या बायकांनी गावाला हे नाव दिले, असे अर्व्हिंग थट्टेने सांगतात. तेथून सुमारे तीन किलोमीटरवर डोंगरांच्या कुशीत स्लीपी हॉलो हे खोरे आहे. एक ओढा, सुतारपक्ष्याची टकटक, बाकी सारे शांत. तेथील माणसे जागेपणीही स्वप्नात असल्यासारखी वागत. त्यांच्याकडे भुतांची कमतरता नव्हती, पण सर्वांचा सरदार एकच होता : बिनशिराचा घोडेस्वार. तो एक ‘हेसियन’ शिपाई होता. स्वातंत्र्ययुद्धातल्या कोठल्याशा चकमकीत तोफेच्या गोळ्याने त्याचे डोके उडवले. धड चर्चच्या आवारात पुरले गेले. रोज रात्री तो उठतो, घोड्यावर बसून रणांगणात आपले डोके शोधायला जातो आणि पहाट होण्याआधी वाऱ्याच्या वेगाने परत येतो.

या खोऱ्यात कनेक्टिकट प्रांतातून एक मास्तर आला. नाव इकाबॉड क्रेन. ‘क्रेन’ म्हणजे सारस पक्षी, आणि मास्तर दिसायलाही तसाच होता. उंच, सडपातळ, लांब हात, बाहीतून बाहेर लोंबणारे पंजे, फावड्यासारखी पावले. शेतातले बुजगावणेच पळून आले आहे की काय, असे वाटावे. शाळा म्हणजे ओंडक्यांची एक मोठी खोली. खिडक्यांच्या फुटक्या काचांना जुन्या वह्यांची पाने चिकटवलेली. पगार इतका कमी की पोटाला पुरत नसे, आणि मास्तरांची भूक तर अजगराची! म्हणून ते एकेक आठवडा एकेका विद्यार्थ्याच्या घरी राहत. सारा संसार एका सुती रुमालात बांधलेला. घरोघरी ते गवत कापू लागत, गुरे पाण्यावर नेत, लहान मुलाला मांडीवर घेऊन पायाने पाळणा हलवत. संध्याकाळी गाणे शिकवून चार पैसे मिळवत.

त्यांना दोन नाद होते, एक खाण्याचा आणि दुसरा भुताच्या गोष्टींचा. हिवाळ्यात डच म्हाताऱ्या चुलीशी सूत कातत बसत, निखाऱ्यावर सफरचंदे भाजत, आणि मास्तर त्यांच्या कथा तोंड उघडे ठेवून ऐकत. चेटकिणींवरचे एक जाड पुस्तक त्यांना जवळजवळ पाठ होते. ऐकताना मजा वाटे, पण घरी एकट्याने परतायची वेळ आली की बर्फाने झाकलेले झुडूप म्हणजे पांढऱ्या चादरीतले भूत वाटे. स्वतःच्याच पावलांच्या आवाजाने ते दचकत.

गावात बाल्टस व्हॅन टासेल नावाचा श्रीमंत डच शेतकरी होता. त्याची एकुलती एक मुलगी कत्रिना अठरा वर्षांची होती. मास्तरांना ती आवडली. पण खरे सांगायचे तर तिच्या वडिलांची भरलेली कोठारेही आवडली. अंगणातले डुक्कर पाहिले की त्यांना तोंडात सफरचंद घातलेले, भाजलेले डुक्करच दिसे. कत्रिनाशी लग्न करावे, शेत विकून पैसा करावा आणि पश्चिमेकडे नव्या जमिनी घ्याव्यात, असे मनोरथ ते रचू लागले. परंतु त्या मुलीवर आणखी एकाची नजर होती. ब्रॉम व्हॅन ब्रुंट हा गावचा पहिलवान गडी. हाडापेराने मजबूत म्हणून लोक त्याला ‘ब्रॉम बोन्स’ म्हणत. घोडा फेकावा तर त्यानेच, आणि खोड्या काढाव्यात त्याही त्यानेच. ब्रॉमला मास्तरांशी मारामारी करायची होती, पण मास्तर हाती लागत नव्हते. तेव्हा त्याने छळायला सुरुवात केली. गाण्याच्या वर्गाचे धुराडे बंद करून खोली धुराने भरली. रात्री शाळेत शिरून सारे उलटेपालटे केले. एका कुत्र्याला केकाटायला शिकवून, हा मास्तरांपेक्षा चांगले गातो, असे सांगत तो फिरू लागला.

एके दिवशी व्हॅन टासेल यांच्याकडून मेजवानीचे बोलावणे आले. मास्तरांनी शाळा तासभर आधीच सोडली. (मुलांना किती आनंद झाला असेल, ते तुम्हांला सांगायला नको.) जेथे ते त्या आठवड्यात राहत होते, त्या हान्स व्हॅन रिपर या तापट म्हाताऱ्याकडून त्यांनी एक घोडा मागून घेतला. घोड्याचे नाव ‘गनपावडर’, म्हणजे बारूद. बारूद केव्हाच विझली होती. घोडा म्हातारा, नांगराला जुंपलेला, एका डोळ्याने आंधळा. त्यावर बसून आमचे नवरदेव निघाले.

मेजवानी झाली, नाच झाला, आणि मग म्हातारी माणसे भुतांच्या गोष्टी सांगू लागली. ब्रॉम म्हणाला की एका रात्री आपली त्या घोडेस्वाराशी गाठ पडली. आपण त्याच्याशी शर्यत लावली आणि जिंकतही होतो, पण चर्चजवळचा पूल येताच तो ठिणगीसारखा चमकून नाहीसा झाला. मास्तरांनी हे सारे मनापासून ऐकले. लोक पांगल्यावर ते कत्रिनाशी बोलायला मागे राहिले. काय बोलणे झाले, ते लेखक सांगत नाहीत. एवढेच सांगतात की मास्तर तोंड उतरवून बाहेर आले.

मध्यरात्र झाली होती. ऐकलेल्या साऱ्या गोष्टी आता एकेक करून आठवू लागल्या. वाटेत एक प्रचंड झाड होते, तेही बदनाम. ते ओलांडले तर पुढे ओढा. ओढ्याकाठी अंधारात काहीतरी काळे, अवाढव्य उभे होते. “कोण आहे?” उत्तर नाही. ती आकृती वाटेवर आली आणि मुकाट्याने बरोबर चालू लागली. मास्तरांनी वेग वाढवला, तिनेही वाढवला. त्यांनी घोडा हळू केला, तिनेही केला. चढावर आल्यावर आकाशाच्या उजेडात तिची रेघ स्पष्ट दिसली. घोड्यावर धिप्पाड स्वार होता, आणि त्याला डोके नव्हते. डोके त्याच्या पुढ्यात खोगिरावर ठेवलेले होते!

मग पाठलाग सुरू झाला. मास्तरांचे खोगीर निसटून पडले. ते घोड्याच्या मानेला मिठी मारून कसेबसे टिकले. झाडांतून चर्चच्या पांढऱ्या भिंती चमकल्या, तेव्हा त्यांना ब्रॉमची गोष्ट आठवली. पुलापाशी भूत नाहीसे होते! पूल गाठला की वाचलो. बारूदने फळ्यांचा पूल दणदणत ओलांडला. मास्तरांनी मागे वळून पाहिले. स्वार नाहीसा झाला नव्हता. तो रिकिबीत उभा राहिला आणि त्याने आपले डोके मास्तरांवर भिरकावले. ते त्यांच्या कपाळावर आदळले. मास्तर धुळीत पडले, आणि घोडा व स्वार वाऱ्यासारखे निघून गेले.

सकाळी बारूद मालकाच्या दाराशी गवत खात उभा होता. मुले शाळेत जमली, मास्तर आले नाहीत. ओढ्याकाठी त्यांची टोपी सापडली, आणि टोपीशेजारी एक फुटलेला लाल भोपळा.

आता विचारा : तो स्वार कोण होता? अर्व्हिंग उत्तर देत नाहीत, खुणा मात्र ठेवून जातात. भोपळा ही पहिली खूण. पुढे ब्रॉमने कत्रिनाशी लग्न केले, आणि मास्तरांची कथा निघाली व भोपळ्याचा उल्लेख आला की तो खदखदून हसे, ही दुसरी. गावातला सर्वांत तरबेज घोडेस्वार तोच होता, ही तिसरी. एका शेतकऱ्याने तर काही वर्षांनी न्यूयॉर्कहून बातमी आणली की मास्तर जिवंत आहेत, वकिली शिकले, आणि एका लहान कोर्टात न्यायाधीश झाले आहेत. हिशेब जुळला. तरीही गावातल्या म्हाताऱ्यांनी तो मानला नाही. मास्तरांना भुतानेच उचलून नेले, असे त्या ठामपणे सांगत राहिल्या.

भीती कशी तयार केली आहे, ते पाहण्यासारखे आहे. अर्व्हिंग आपल्याला एकदम अंधारात ढकलत नाहीत. आधी पोटभर जेवण, नाच, हसू. मग गोष्टी. मग नकार. मग एकटेपणा. त्यानंतरच झाड आणि ओढा. आणि पुलाची युक्ती तर फार बारीक आहे. भूत पुलाशी थांबते, हा नियम कोणी सांगितला? ब्रॉमने. त्या नियमावर भरवसा ठेवून मास्तर पुलाकडे धावले आणि नेमके तेथेच फसले. ज्याला दुसऱ्याची भीती नेमकी कशाची आहे हे कळते, त्याला तलवारीची गरज पडत नाही.

पण ब्रॉमने ज्याचे सोंग घेतले तो हेसियन कोण? कथेत त्याला नाव नाही, आवाज नाही. येथे आपल्याला इतिहासाकडे जावे लागते. अमेरिकेतील वसाहती इंग्लंडविरुद्ध उठल्या तेव्हा इंग्रज राजाकडे सैन्य कमी होते. त्याने जर्मनीतल्या लहान लहान राज्यांकडून सैनिक भाड्याने घेतले. एकंदर सुमारे ३०,००० सैनिक आले. त्यांतील निम्म्याहून अधिक हेसे-कासेल या एका राज्याचे होते, म्हणून सर्वांनाच ‘हेसियन’ म्हणत. पैसा मुख्यतः राजाच्या खजिन्यात गेला. जे गेले ते शेतकऱ्यांचे आणि कारागिरांचे मुलगे होते. त्यांचे त्या युद्धाशी काही देणेघेणे नव्हते, तेथील भाषाही त्यांना येत नव्हती. युद्ध संपल्यावर सुमारे १७,००० परतले. उरलेल्यांपैकी काही पळून जाऊन अमेरिकेतच स्थायिक झाले. हजारो मेले, आणि त्यांतील बहुतेक लढाईत नव्हे तर रोगराईने मेले.

टॅरी टाउनपासून जवळच व्हाइट प्लेन्स येथे २८ ऑक्टोबर १७७६ रोजी मोठी लढाई झाली. अमेरिकन सेनापती विल्यम हीथ यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की त्यानंतर काही दिवसांनी तेथे तोफेच्या गोळ्याने एका हेसियन गोलंदाजाचे डोके उडाले. हे पुस्तक १७९८ साली छापले गेले, म्हणजे अर्व्हिंग टॅरी टाउनला गेले त्याच वर्षी. दंतकथेतील शिपाई तोच, असे कोणी सिद्ध केलेले नाही. शिवाय बिनशिराच्या स्वाराच्या कथा युरोपात आधीपासून होत्या. जर्मन लेखक मुसेयस यांच्या अठराव्या शतकातील लोककथासंग्रहातही बिनशिराची आकृती आपले ‘डोके’ फेकून मारते, असा प्रसंग आहे. जुनी लोककथा आणि ताजे युद्ध एकत्र आले, आणि गावाला आपले भूत मिळाले.

त्या गावाने युद्धात फार सोसले होते. इंग्रजांच्या आणि अमेरिकनांच्या छावण्यांच्या मध्ये हा मुलूख सापडला होता. दोन्ही बाजूंच्या नावाने लुटारू टोळ्या येत, गुरे हाकून नेत, घरे लुटत. २३ सप्टेंबर १७८० रोजी याच टॅरी टाउनमध्ये मेजर जॉन आंद्रे हा इंग्रज अधिकारी पकडला गेला. त्याच्या मोज्यांत एका किल्ल्याची गुप्त कागदपत्रे सापडली. २ ऑक्टोबर रोजी नदीच्या पलीकडे त्याला फाशी देण्यात आले. कथेतले ते बदनाम झाड आंद्रेचेच आहे. म्हणजे मास्तर ज्या वाटेने निघाले, तिच्यावर प्रत्येक वळणाला युद्धाचा एक मेलेला माणूस उभा होता. सैन्ये गेली, तह झाला, पण गावाच्या मनातून ती वर्षे गेली नाहीत. मुंजाप्रमाणेच हेसियनचेही काहीतरी अपुरे राहिले होते. घरापासून हजारो किलोमीटर दूर, भाड्याने आलेल्या एका जवानाला कोणी धड ओळखलेही नाही. गावकऱ्यांनी त्याच्यासाठी शोक केला नसेल, पण त्याला रोज रात्री डोके शोधायला लावून त्यांनी त्याला विसरूही दिले नाही.

मात्र गावाची आठवणही सर्वांना सारखी जागा देत नाही. मेजवानीत सारंगीसारखे वाद्य वाजवणारा म्हातारा काळा माणूस आहे, निमंत्रण घेऊन येणाराही काळा आहे. त्या काळी या भागात आफ्रिकेतून आणलेले लोक गुलाम होते. खोऱ्यातील फिलिप्स घराण्याच्या जहागिरीवरच १७५० सालच्या यादीत २३ गुलामांची नोंद आहे. न्यूयॉर्क राज्यातील गुलामगिरी १८२७ साली संपली. अर्व्हिंग या माणसांकडे केवळ गंमत म्हणून पाहतात. मला कथेतला हा भाग खटकतो. परक्या शिपायाला भूत होऊन का होईना, मानाची जागा मिळाली. गिरणी चालवणाऱ्या, शेत कसणाऱ्या त्या माणसांना कथेत तेवढीही मिळाली नाही.

आणि मास्तरांचे काय? अर्व्हिंग यांनी हे पात्र बनवताना नाव बहुधा इकाबॉड क्रेन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून घेतले आणि काही गुण किंडरहूक गावातील जेसी मर्विन या शिक्षक मित्राकडून. वाचक मास्तरांना हसतात. तेही लोभी होते, हे खरे. पण घटना साध्या शब्दांत सांगून पाहा : परगावाहून आलेल्या एका गरीब माणसाला गावातल्या दांडग्याने रात्री घाबरवून पळवून लावले. ते अविवाहित होते, कोणाचे देणे लागत नव्हते, म्हणून कोणी फार दिवस शोधले नाही. हान्स व्हॅन रिपरने त्यांची पुस्तके जाळली आणि या लिहिण्यावाचण्यातून काही भले होत नाही असे म्हणून आपल्या मुलांना शाळेत पाठवणेच बंद केले. शाळा दुसरीकडे नेली गेली. मोकळ्या पडलेल्या त्या खोलीत मास्तरांचे भूत राहते, असे लोक म्हणू लागले. शांत संध्याकाळी नांगर घेऊन घरी परतणाऱ्या मुलाला दूरवर त्यांचा गाण्याचा आवाज ऐकू येई. काल जो भुताला भीत होता, तो आज स्वतःच गावाचे भूत झाला. नवे भूत कसे तयार होते, ते येथे आपल्या डोळ्यांसमोर दिसते : एक माणूस नाहीसा झाला, कोणी चौकशी केली नाही, आणि गोष्टीने ती रिकामी जागा भरून काढली.

अर्व्हिंग १८३२ साली अमेरिकेला परतले. १८३५ साली त्यांनी टॅरी टाउनजवळ नदीकाठी घर घेतले. १८५९ साली ते वारले, आणि जुन्या डच चर्चला लागून असलेल्या कबरस्तानात त्यांचे दफन झाले. त्या खोऱ्याच्या बाजूचे गाव पुढे नॉर्थ टॅरीटाउन या नावाने ओळखले जाई. तेथे मोटारींचा मोठा कारखाना होता. १९९६ साली तो बंद पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस गावकऱ्यांनी मतदान करून गावाचे नाव बदलले आणि ‘स्लीपी हॉलो’ ठेवले. कथेने गावातून नाव घेतले होते, आता गावाने ते कथेकडून परत मागून घेतले. आज दर ऑक्टोबरमध्ये तेथे दुरून लोक येतात, आणि ज्या स्वाराने मास्तरांना पळवून लावले तोच आता पाहुण्यांना गावात आणतो.

मूळ कथेच्या शेवटी अर्व्हिंग यांनी एक लहानसा ताजा कलम जोडला आहे. ही कथा न्यूयॉर्कच्या एका सभेत जुन्या कपड्यांतील एका गरीब, हसतमुख गृहस्थाने सांगितली, असे तेथे म्हटले आहे. सारे हसले, पण एक उंच, गंभीर चेहऱ्याचे म्हातारे गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी हाताची घडी घालून विचारले की या कथेचे तात्पर्य काय, आणि ती नेमके काय सिद्ध करते. सांगणाऱ्याने पेला खाली ठेवला आणि असे काही अवघड तर्कशास्त्र सांगितले की म्हाताऱ्यांच्या कपाळावर आठ्या वाढल्या. शेवटी ते म्हणाले की हे सारे ठीक, पण कथेतल्या एकदोन गोष्टी आपल्याला पटत नाहीत. त्यावर सांगणारा उत्तरला की तसे असेल तर साहेब, निम्म्या कथेवर माझाही विश्वास नाही.